जुन्या गाडीची मागची कमान: मोजण्यापासून यू-बोल्ट आवळण्यापर्यंत

नागपुरात जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं: "मागून बसली आहे, एक पाटा वाढवून टाका." गाडी पद्मिनी असो, अँबेसेडर असो की जीप, मागचा भाग जरा खाली दिसला किंवा खड्ड्यात धाडकन आवाज आला की इलाज ठरलेला. कमान म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पाट्यांची स्प्रिंग, गाडीचा मागचा भाग तिच्यावरच उभा असतो. मीही माझ्या १९८६ सालच्या पद्मिनीला तेच केलं होतं. गाडी मागून दीड इंच उचलली गेली आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईला मानेवाड्याहून सीताबर्डीपर्यंत कंबर धरून यावं लागलं. आवाज होता तसाच राहिला. पुढे कामठी रोडवरच्या एका म्हाताऱ्या कमानवाल्यांनी गाडीखाली टॉमी (लोखंडी दांडा) घालून एकदाच हलवली आणि म्हणाले, "पाटे बसलेच नव्हते जी, भाऊ. बुश गेले होते. पहिले मोजून तं पाहायचं." बुश म्हणजे कमानीच्या दोन टोकांना असलेल्या गोल डोळ्यांत बसणारी रबरी नळकांडी.

तेव्हापासून मी मोजल्याशिवाय पाना हातात घेत नाही. जुन्या गाडीचा मागचा भाग मूळचा मऊ असतो, आणि तो मऊपणा परत मिळवणं हेच या सगळ्या कामाचं उद्दिष्ट आहे. कडक केलेली मागची बाजू म्हणजे दुरुस्ती नव्हे.

आधी ओळख: तुमच्या गाडीला मागे काय आहे

पद्मिनी ही फियाट ११०० च्या वंशातली. १९७४ पासून ती या नावाने ओळखली जाऊ लागली. तिला मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि दोन बाजूंना दोन कमानी. अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेली. पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), पण मागे तिलाही कमानीच. जुन्या जीपला पुढे-मागे चारही कोपऱ्यांवर कमानी. या तिन्हींना हा लेख जसाच्या तसा लागू पडतो.

स्टँडर्ड हेरल्डची गोष्ट निराळी आहे. तिला मागे एकच आडवी कमान आणि स्विंग अ‍ॅक्सल असतो. या अ‍ॅक्सलचे दोन्ही अर्धे दांडे मधल्या सांध्यातून स्वतंत्र वर-खाली झुलतात. वळणावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर बाहेरचं चाक आत मुडपण्याकडे झुकतं. म्हणून हेरल्डच्या मागच्या बाजूची उंची वाढवणं थेट धोक्याचं आहे. पुढे आलेल्या गॅझेलला कंपनीने साधा अखंड अ‍ॅक्सल दिला. कॉन्टेसाला मागे कॉइल स्प्रिंग आणि अ‍ॅक्सल धरून ठेवणारे दांडे असतात. तिथे पाट्यांचा प्रश्नच नाही. दांड्यांच्या टोकांचे बुश आणि स्प्रिंगखालची रबरी गादी बघायची.

कमानीबद्दल एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. कमान वजन पेलतेच, शिवाय अ‍ॅक्सलला जागेवरही धरून ठेवते. गाडी पळवणारा जोर, ब्रेकचा झटका, वळणावरची ओढ हे सगळं चाकाकडून बॉडीकडे कमानीतूनच जातं आणि शेवटी तिच्या दोन डोळ्यांतल्या बुशांवर येतं. बुश झिजले की अ‍ॅक्सल मागेपुढे सरकतो, आणि ते सरकणं आपल्याला "पाटा वाजतोय" असं ऐकू येतं.

दुसरी गोष्ट गणिताची, पण सोपी. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. ५ मिलिमीटरच्या पाट्याऐवजी ६ मिलिमीटरचा टाकला तर जाडी २० टक्क्यांनी वाढते, कडकपणा मात्र सुमारे ७३ टक्क्यांनी. सारख्या जाडीच्या पाच पूर्ण लांबीच्या पाट्यांत सहावा घातला तर कडकपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. ट्रकच्या जुन्या पाट्यातून कापून दिलेला "मजबूत" पाटा गाडीला का मारतो, ते यातून कळतं. कारचा पाटा तुटला तर कारच्याच जाडीचा पाटा हवा, व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजून.

मोजमाप

सपाट जागा शोधा. आपल्या सिमेंट रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी दोन्हीकडे उतार असतो, म्हणून रस्त्यावर मोजू नका. अपार्टमेंटचं पार्किंग बरं, तिथेही पाण्याची नळी किंवा लेव्हल लावून खात्री करा. चारही टायरमध्ये हवा सारखी, स्टेपनी जागेवर, डिकीतलं बाकी सामान बाहेर. गाडी पाच-दहा मीटर पुढे नेऊन हाताने ढकलत मागे आणा, म्हणजे जॅकमुळे किंवा पार्किंगमुळे आखडलेल्या कमानी मोकळ्या होतात. मग मागच्या बंपरवर दोन-तीनदा वजन देऊन सोडा.

माप जमिनीपासून घेऊ नका. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या, म्हणजे टायरचा फरक त्यात येत नाही. डावं आणि उजवं दोन्ही वहीत लिहा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि जुनी गाडी अर्धं आयुष्य एकट्या ड्रायव्हरला घेऊन फिरलेली असते, त्यामुळे उजवी बाजू थोडी खाली असणं नेहमीचं. फरक १० मिलिमीटरच्या आत असेल तर मी कमानीला हात लावत नाही. २० च्या वर असेल तर कमान बसली आहे किंवा एखादा पाटा तुटला आहे. पण आधी पुढची बाजू मोजा. पुढचा एक कोपरा बसला की तिरक्या रेषेतला मागचा कोपरा वर-खाली दिसतो, आणि अँबेसेडरमध्ये तर टॉर्शन बारची सेटिंग बिघडल्याने हा भास फार वेळा होतो.

दुसरं माप दोन चाकांमधल्या अंतराचं. ओळंबा घ्या, पुढच्या चाकाच्या मध्यावरून जमिनीवर खडूची खूण करा, मागच्या चाकाचीही करा. दोन्ही बाजूंची अंतरं ताडून बघा. अँबेसेडरचं हे अंतर २४६४ मिलिमीटर आहे, पद्मिनीचं सुमारे २३४०. पण नेमक्या आकड्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या असणं महत्त्वाचं. एका बाजूला ८-१० मिलिमीटर कमी भरलं तर त्या बाजूचा सेंटर बोल्ट तुटलेला असण्याची दाट शक्यता आहे. सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या गादीतल्या भोकात बसतं आणि अ‍ॅक्सल सरकू देत नाही. तो तुटला की कमान अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट कितीही आवळले तरी अ‍ॅक्सल हळूहळू जागचा सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मागून येणाऱ्या मित्राला विचारा, त्याला ते लगेच दिसतं.

आता गाडीखाली जा. जॅकवर भरवसा ठेवून कधीही जाऊ नका, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. शॅकलमध्ये, म्हणजे कमानीचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्यात, टॉमी घालून हलवा. हललं, खळखळलं, रबर एका बाजूला दबून बोल्ट मध्यातून सरकलेला दिसला, तर बुश गेला. पुढच्या डोळ्याचा बुश दिसायला अवघड असतो. मदतनिसाला गाडीत बसवून गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला-धरायला सांगा आणि दुरून टॉर्चने बघा, डोळा बोल्टभोवती मागेपुढे होतो का. हे करताना पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे हवेतच.

शॉकअपची चाचणी सगळ्यांना माहीत असते: कोपरा दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदा खाली जाऊन थांबली तर ठीक. दोन-तीन झोके घेत असेल तर शॉकअप गेला. तेल ओघळून त्यावर धूळ चिकटली असेल तर दाबून बघायचीही गरज नाही.

मग पर्याय कोणता

माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात गाड्यांना नवे बुश, शॅकल पिन आणि चांगले शॉकअप एवढंच पुरतं. माप बरोबर असेल आणि फक्त आवाज असेल, तर इथेच थांबा.

माप २० मिलिमीटरपेक्षा जास्त बसलं असेल पण पाटे शाबूत असतील, तर कमान मारून घ्यायची, म्हणजे पाट्यांना परत मूळचा बाक द्यायचा. एखादा पाटा तुटला असेल तर तेवढाच नवा. मुख्य पाटा, म्हणजे डोळ्यांचा पाटा, तुटला किंवा डोळा उघडला असेल तर दोन्ही बाजूंचे मुख्य पाटे एकदम बदला. सगळे पाटे गंजून पातळ झाले असतील, तरच पूर्ण नवा सेट.

जीपवाल्यांमध्ये पॅराबोलिक कमानीची चर्चा असते. तिचे पाटे कमी असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ, पाट्यांत घर्षण जवळजवळ नाही. रस्त्यावर त्या खरंच मऊ लागतात, पण जुन्या कमानीतलं घर्षण गेल्यामुळे शॉकअपवर सगळा भार येतो, म्हणून शॉकअप चांगले नसतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. मागची कमान काढून कॉइल स्प्रिंग बसवणं मी कोणालाही सुचवणार नाही. अ‍ॅक्सल धरायला नवे दांडे, त्यांना बॉडीत नवे ब्रॅकेट, आणि पद्मिनी-अँबेसेडरला वेगळी चासी नसते, बॉडीच चासी असते. पत्र्यात नवीन ठिकाणी एवढा जोर देणं म्हणजे पुढच्या मालकासाठी तडे पेरणं.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ बनावटीत मनमानी बदल करता येत नाहीत. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, तिच्या क्रमांकात व्हीए अक्षरं येतात, पण गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार चालत नाहीत. १९७० च्या दशकातल्या गाड्या आता त्या वयाला पोचत आहेत. कॉइलच्या हौसेपायी तो दरवाजा बंद करू नका.

कमान खाली काढणे

दोन दिवस आधी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळ-संध्याकाळ. यू-बोल्ट तर कापायचेच आहेत, कारण एकदा आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो आणि परत वापरू नये. नवे आधी आणून ठेवा, जुन्याची जाडी, आतली रुंदी आणि उंची मोजून.

मागची बाजू उचला, घोड्या बॉडीच्या मजबूत भागाखाली, कमानीच्या पुढच्या ब्रॅकेटच्या जवळपास लावा. दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली हवा. शॉकअप काढण्याआधी अ‍ॅक्सल जॅकवर टेकलेला असलाच पाहिजे, नाहीतर तो एकदम खाली येऊन ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळतो. नळी बाहेरून शाबूत दिसते, आतून फाटते, आणि पुढे कधीतरी तीच दगा देते. हँडब्रेकची केबलही मोकळी करा.

क्रम असा: शॉकअपचं खालचं टोक, यू-बोल्ट, मग मागचा शॅकल, शेवटी पुढचा बोल्ट. एका वेळी एकच बाजू काढा. दुसरी बाजू अ‍ॅक्सलला जागेवर ठेवते आणि काही विसरलं तर नमुना म्हणून समोर असते. कमानीच्या पुढच्या टोकावर रंगाची खूण करा. सेंटर बोल्ट बऱ्याच कमानींत बरोबर मध्यावर नसतो, पुढचा भाग मागच्यापेक्षा आखूड असतो. कमान उलटी बसली तर अ‍ॅक्सलच मागे-पुढे होतो.

जुन्या जीपच्या काही शॅकलना उलटे आटे असतात, ओळख म्हणून त्यावर लहानसा उंचवटा असतो. तो न बघता जोर लावला तर आटे जातात. अँबेसेडरचा वंश ब्रिटिश, त्यामुळे जुन्या गाड्यांत इंची आटे भेटतात. अर्ध्या इंचाचं डोकं १२.७ मिलिमीटरचं, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे गोल करून जातो. इंची पान्यांचा सेट घ्याच.

कमान निघाली की तिची जागा बघा, ही पायरी सगळे वगळतात. ब्रॅकेट जिथे बॉडीला जोडलेलं असतं तिथे पावसाळ्यातली काळी माती वर्षानुवर्षं साचून ओल धरून ठेवते. ती पूर्ण खरवडा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचा. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंगचं काम, कमान नंतर. सडलेल्या पत्र्यावर नवी कमान बसवू नका.

पाटे उघडून बघणे

सेंटर बोल्ट सरळ खोलू नका. बाक असलेले पाटे दाबून एकत्र बांधलेले असतात आणि बोल्ट सुटला की ते उसळतात. बोल्टच्या दोन्ही बाजूंना शिकंजे लावा, बोल्ट काढा, मग शिकंजे आळीपाळीने थोडे थोडे सैल करा. प्रत्येक पाट्यावर टोकाजवळ सेंटर पंचने क्रमांक मारा.

तारेच्या ब्रशने प्रत्येक पाटा साफ करा आणि तडा शोधा. जुनी पद्धत अजूनही खात्रीची आहे. पाट्याला रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, फडक्याने कोरडं पुसून घ्या आणि वरून फळ्यावरच्या पांढऱ्या खडूची पूड चोळा. उन्हात ठेवा. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी करडी ओली रेघ उमटते. मी पहिल्यांदा ही रेघ पाहिली ती दुसऱ्या पाट्याच्या मधल्या भोकापासून निघालेली, नखाएवढी. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. दोन जागा खास तपासा: मधलं भोक, आणि खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यात रुतून जिथे खाच पडते ती जागा. रेघ दिसलेला पाटा भंगारात टाका. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. हे स्प्रिंगचं पोलाद आहे, त्याचा सगळा गुण उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेला असतो आणि वेल्डिंगच्या बाजूला तो निघून जातो. पाटा पुढे तिथूनच तुटतो.

कमान मारून घेणे

वाडीकडे ट्रकांची वर्दळ असते, कमानीची कामं करणारेही तिथे भेटतात. पण ट्रकची कमान मारणारा हात आणि कारची मारणारा हात वेगळा असतो, त्यामुळे काम देताना समोर उभे राहा.

कमान दोन प्रकारे मारतात. थंड पद्धतीत पाटा ऐरणीवर किंवा प्रेसखाली इंचाइंचाने सरकवत सारखे ठोके देत बाक वाढवतात. गरम पद्धतीत अख्खा पाटा भट्टीत साधारण ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून, बाक देऊन, तेलात बुडवतात आणि मग ४५० ते ५०० अंशांच्या आसपास परत तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. चूक ती तिसरी: गॅसच्या नळीने मधोमध लाल करून वाकवणे. माझ्या एका कमानीचं एका वर्कशॉपमध्ये असंच झालं. बाहेर आली तेव्हा बाक सुरेख होता, चार महिन्यांत ती होती त्याहून खाली बसली, कारण लाल झालेल्या जागेचं पोलाद मऊ पडलं होतं.

बाक किती द्यायचा, हे मोजलेल्या मापावरून ठरवा. गाडी २५ मिलिमीटर बसली असेल तर सुट्या कमानीचा बाक ३५-४० ने वाढवून मागा, कारण पहिल्या काही दिवसांत ती थोडी बसणारच. मारून झाल्यावर कमान प्रेसमध्ये सपाट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबून सोडायला सांगा. जे बसायचं ते तिथेच बसून जातं. मग दोन्ही कमानी जमिनीवर उलट्या ठेवून बाक ताडा. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर परत ऐरणीवर. हे करून घ्यायला लाजू नका, गाडी सरळ उभी राहणं याच मापावर आहे.

जास्त बाकही वाईटच. कमान सपाट होताना लांब होते आणि शॅकल मागे झुलतो. बाक फार असेल तर कमान आखूड होऊन शॅकल पुढे ओढला जातो, कमानीला लांब व्हायला वेळ लागतो आणि प्रत्येक खड्डा थेट बॉडीत येतो.

जोडण्याआधी पाट्यांच्या टोकांच्या वरच्या धारा कानशीने गोल करा, गंजरोधक प्रायमर मारा, आणि पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. इथे नागपुरातली एक जुनी सवय मोडायला हवी. पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारून घ्यायची पद्धत आहे. पत्र्याला ते वाचवतं, पण बुशांचं नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि लोण्यासारखं मऊ होतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तडकलेलं रबर आणि जूनमध्ये वरून तेल, यात बुश दोन वर्षंही टिकत नाहीत. मारायचंच असेल तर बुश, बंप स्टॉप (मोठ्या खड्ड्यात अ‍ॅक्सल वर आपटू नये म्हणून लावलेलं रबर) आणि ब्रेकच्या नळ्या प्लास्टिकने गुंडाळून.

बुश, शॅकल, शॉकअप

जुना बुश गॅसने जाळून काढू नका, डोळ्याचं पोलाद बिघडतं. शिकंज्यात दोन सॉकेट धरून, एक ढकलणारा आणि एक झेलणारा, तो दाबून काढा. बाहेरची लोखंडी नळी अडकली तर हॅक्सॉचं पातं आत घालून तिला चीर द्या, पण डोळ्याला पातं लागू देऊ नका.

नवा बुश घेताना डोळ्याचा आतला व्यास आणि बोल्टचा व्यास व्हर्नियरने मोजून दुकानात जा. रबर, पॉलियुरेथेन आणि लेथवर बनवलेला नायलॉन असे तीन पर्याय समोर येतात. नायलॉन टाळा. वळणावर आणि एका चाकाच्या खड्ड्यात कमानीला पीळ बसतो. रबर तो पीळ गिळतं, नायलॉन गिळत नाही आणि तो सरळ ब्रॅकेटच्या पत्र्यात जातो. पॉलियुरेथेन टिकाऊ आहे, पण कडक आहे आणि ग्रीस संपलं की कुरकुरतं. माझ्या गाडीत मी सगळीकडे रबरच ठेवतो. सुटे रबर बसवताना साबणाचं पाणी लावा, तेल-ग्रीस नको.

शॅकल पिनवर नखाला जाणवेल अशी पायरी पडली असेल तर पिन बदला, नव्या बुशात जुनी पिन म्हणजे पैसे वाया. जीपच्या आटेवाल्या शॅकलना ग्रीस निपल असतं. पावसाळ्यात महिन्याला एकदा ग्रीस भरा, जुनं चिखलाळलेलं बाहेर येईपर्यंत.

शॉकअप घेताना पूर्ण दाबलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी नोंदवा. गाडी उभी असताना तो प्रवासाच्या साधारण मध्यावर असायला हवा. तो लांब निघाला तर बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच टेकतो आणि आतून फुटतो. मऊ कमानींना साधे ऑइलचे शॉकअप शोभतात, गॅसचे गाडी थोडी उचलतात आणि कडक करतात. ऑइलचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा निघून जाते. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांना हातासारखा लिव्हर असलेला जुना प्रकार असतो. त्यात २० ग्रेडचं डॅम्पर किंवा फोर्कचं तेल भरतात. ब्रेक ऑइल किंवा इंजिन ऑइल कधीच नाही.

बसवणे, आणि एक आवळणी जी जमिनीवरच करायची

कमान पुढच्या ब्रॅकेटमध्ये घाला, बोल्ट फक्त हाताने घट्ट. शॅकल जोडा, तोही सैल. जॅकने अ‍ॅक्सल हळूहळू आणा आणि सेंटर बोल्टचं डोकं गादीच्या भोकात नेमकं बसलं हे बोटाने चाचपून बघा. यू-बोल्ट घालून चारही नट आळीपाळीने तिरके आवळा, जसं चाकाचे नट आवळतो तसं, दोन्ही बाजूंना आटे सारखे बाहेर येतील असं. चांगल्या ८.८ ग्रेडच्या १० मिलिमीटर आट्यांसाठी ४५-५० न्यूटन मीटर आणि १२ साठी ८० च्या आसपास टॉर्क योग्य असतो. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढचा बोल्ट आणि शॅकलचे नट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, मागच्या सीटवर एखादा माणूस बसवा, बंपर दाबून गाडी दोन-चारदा झोकवा, आणि तिच्या रोजच्या उंचीवर उभी असतानाच खाली सरकून ते नट आवळा. रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. कमान लोंबकळत असताना आवळलं, तर तीच त्याची सहज अवस्था ठरते आणि गाडी जमिनीवर आल्यापासून तो कायम पिळलेलाच राहतो. मी हे न करता नवे बुश तीन महिन्यांत फाडले होते, आणि त्या तीन महिन्यांत गाडी मागून विनाकारण उंच उभी होती.

पार्ट मिळवायचे कुठून

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्ता सोडला. टॅक्सीमुळे तिथे पार्टचा बाजार जिवंत होता, तो आता आटतो आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून जुना माल निघतो. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं; तिच्यासाठी कोलकात्याच्या मलिक बाजाराची वाट धरावी लागते, दिल्लीत कश्मीरी गेट. कमानी जड असतात, कुरिअरपेक्षा ट्रान्सपोर्टने मागवणं परवडतं. मागवण्याआधी रुंदी, जाडी, पाट्यांची संख्या, डोळ्यांमधलं अंतर, डोळ्याचा व्यास आणि सेंटर बोल्टपासून पुढच्या डोळ्यापर्यंतची लांबी लिहून पाठवा. नुसतं "पद्मिनीची मागची कमान" म्हणाल तर काहीही येईल. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला "कंपनीचा" रबरी बुश अंगठ्याने दाबून बघा, पृष्ठभागावर बारीक तडे दिसले तर नवा असूनही तो म्हाताराच आहे. डोळ्याचं माप जुळणारा दुसऱ्या चालू गाडीचा ताजा बुश त्यापेक्षा बरा.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी रिकामी गाडी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत नेऊन आणा. यू-बोल्ट परत तपासा, ते थोडे सैल झालेले सापडतीलच. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. आणि त्याच पार्किंगमध्ये, तितक्याच हवेवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं माप परत घेऊन वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी पावसाळा संपला की तेच माप पुन्हा.